रांजणातले पाणी न ओतता: डास आणि गोचिडांच्या अभ्यासक मॅडमना आभारपत्र

आदरणीय मॅडम,

सविनय नमस्कार.

आपण सेवानिवृत्त झाल्याचे सहकाऱ्यांकडून समजले. रोग पसरवणारे डास आणि गोचीड कोठे राहतात, कशावर जगतात, कोणत्या ऋतूत वाढतात, याच्या अभ्यासात आपले सारे आयुष्य गेले. त्या अभ्यासाचा मराठवाड्यातील गावोगाव फिरणाऱ्या आम्हा आरोग्य सेविकांना काय उपयोग झाला, हे आपल्यापर्यंत कोणी लेखी पोहोचवले असेल असे वाटत नाही, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे सर्वांना आठवत असेल. खेड्यांत टँकरची वाट पाहावी लागे आणि तो आला की रांजण, हौद, प्लास्टिकचे ड्रम, घागरी, जे हाताशी असेल ते भरून ठेवले जाई. आमच्या हातातील पत्रकात मात्र आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळावा, सर्व भांडी रिकामी करावीत, असे छापलेले होते. जिने उन्हात रांगेत उभे राहून ते पाणी मिळवले, तिला ते ओतून टाका असे सांगायला आमची जीभ रेटत नसे. आपल्या प्रशिक्षणात एका आशाताईने नेमके हेच विचारले, तेव्हा आपण पत्रक पुन्हा वाचून दाखवले नाहीत. आपण आमच्याबरोबर गावात आलात, एका अंगणात रांजणापाशी बसलात आणि विजेरीचा झोत पाण्यावर न टाकता आतल्या भिंतीवर टाकलात.

डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवणारी ईडिस इजिप्ती डासाची मादी आपली अंडी पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला चिकटवते. ती काळी अंडी कोरड्यात कित्येक महिने तग धरतात आणि पाणी पुन्हा वर चढले की त्यांतून अळ्या निघतात, हे आपण तेथेच समजावून सांगितलेत. म्हणजे नुसते पाणी ओतून काम भागत नाही आणि पाणी वाया घालवण्याचीही गरज नाही. पाणी दुहेरी फडक्यातून दुसऱ्या भांड्यात गाळून घ्यावे, फडक्यावर राहिलेल्या अळ्या कोरड्या मातीत झटकाव्यात, रिकाम्या रांजणाची आतली बाजू काथ्याने खसखसून घासावी आणि पाणी परत भरून तोंडाला कापड घट्ट बांधावे. अंड्यापासून उडणारा डास व्हायला उन्हाळ्यात साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात, म्हणून हे काम आठवड्यातून एकदा. या सल्ल्यात गावातील बायकांचा अपमान नव्हता. त्यांची पाणी साठवण्याची गरज गृहीत धरूनच तो दिलेला होता, आणि तो टिकला याचे कारण मला तेच वाटते.

धूर फवारणीविषयीही आपण तितक्याच स्पष्टपणे बोललात. यंत्र गल्लीत फिरले की लोकांना समाधान वाटते, परंतु धुराने केवळ उडते डास मरतात. घरात कपड्यांच्या आणि खाटांच्या आडोशाला बसलेले बरेचसे वाचतात आणि रांजणातील अळ्यांना तर काहीच होत नाही. हे ग्रामपंचायतीच्या ओट्यावर उभे राहून सांगणे सोपे नव्हते.

आमच्या भागाला चिकुनगुन्या नवा वाटला, तो नवा नव्हता हेही आपल्यामुळे कळले. शेजारच्या बार्शीत १९७३ मध्ये त्याची साथ आली होती. त्यानंतर तीन दशके हा आजार देशात जवळजवळ विसरला गेला आणि २००६ मध्ये मराठवाड्यात माणसे सांधे धरून बसली, तेव्हा कोणाला काही उमजेना. जुना विषाणू आशियाई वंशाचा होता, नवा आफ्रिकी वंशाचा, परंतु दोन्ही वेळा त्याला घरोघर नेणारा डास एकच होता, असे आपण सांगितलेत. साथ नसतानाही डासांची नोंद का ठेवावी, या माझ्या मनातील प्रश्नाचे उत्तर मला त्यात मिळाले.

गोचिडांविषयी आम्ही काहीच विचारले नव्हते; तो विषय आपण स्वतःहून काढलात. शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात १९५७ मध्ये माकडे मरू लागली आणि पाठोपाठ जंगलात जाणारी माणसे तापाने आजारी पडली, त्यामागे गोचीड होते. त्याच जंगलांत फ्लॅनेलचे कापड पाचोळ्यावरून ओढत त्याला चिकटलेले गोचीड वेचण्यात आपली उमेदीची वर्षे गेली, हे ऐकताना आम्ही सर्वजणी गप्प झालो होतो. मग आपण आमच्या गोठ्यांकडे वळलात. गुजरातमध्ये २०११ साली आढळलेला क्रिमियन-काँगो ताप गोचीड चावल्याने होतो, तसाच तो बाधित गोचीड उघड्या हाताने चिरडल्याने आणि बाधित जनावराच्या रक्ताचा स्पर्श झाल्यानेही होऊ शकतो. आमच्याकडे गाई-म्हशींच्या अंगावरचे गोचीड ओढून नखाने चिरडण्याची सवय घरोघर आहे. ते हातमोजे घालून किंवा चिमट्याने काढावेत आणि रॉकेलच्या डब्यात टाकावेत, हे आता आम्ही बालकांच्या लसीकरणाच्या दिवशीही आयांना सांगतो, कारण गोठ्याचे काम त्याच करतात.

या सर्वांसाठी मी आणि माझ्या सहकारी आपल्या मनःपूर्वक ऋणी आहोत. केवळ अळ्या आढळल्या किंवा नाही एवढेच न लिहिता, कोणत्या भांड्यात, कोणत्या महिन्यात आणि ते पाणी किती दिवसांचे, हे लिहिण्याची जी वही आपण सुरू करून दिलीत, ती आमच्या उपकेंद्रात आजही चालू आहे. उन्हाळ्यात रांजण आणि हौद, पावसाळ्यात टायर आणि जनावरांच्या पाण्याच्या टाक्या, असा फरक तिच्यात स्पष्ट दिसतो. आपल्याला पाहायची असल्यास तिच्या प्रती मी टपालाने पाठवीन. कूलरच्या टाकीतील नोंदी आमच्या मते वेगळ्या काढायला हव्यात. त्या कशा काढाव्यात, हे कृपया कळवावे.

आपली नम्र,
लातूर जिल्ह्यातील एक आरोग्य सेविका