पानावरची रेघ वाचायला शिकवणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

पाने पोखरणाऱ्या किड्यांच्या ज्या नोंदी आम्ही दहा-बारा जण गेल्या पावसाळ्यापासून ठेवत आहोत, त्यांची पहिली वही या आठवड्यात भरली. ती तुमच्याकडे पाठवण्याआधी तुमचे आभार चारचौघांत मानावेत असे आम्हा सर्वांना वाटले, म्हणून हे जाहीर पत्र.

तुमची गाठ पडण्यापूर्वी पानावर पांढरी नागमोडी रेघ दिसली की ती नागअळी, एवढेच आम्हाला ठाऊक होते. लिंबू, टोमॅटो, घेवडा, सगळीकडे आम्ही तेच एक नाव लिहीत होतो. हे नाव किड्याचे नसून त्याच्या खुणेचे आहे आणि ती खूण पतंगाची, माशीची किंवा भुंगेऱ्याची अळीही करू शकते, हे तुम्ही पहिल्याच रविवारी दाखवून दिलेत. परसातल्या कागदी लिंबाचे पान तुम्ही उन्हासमोर धरले, तेव्हा चंदेरी बोगद्याच्या मधोमध विष्ठेची एकच बारीक काळसर रेघ दिसली आणि बोगदा संपतो तिथे पानाची कड दुमडून आत कोष झालेला होता. मग टोमॅटोचे पान. तिथे काळे ठिपके बोगद्याच्या एकदा या कडेला, एकदा त्या कडेला पडले होते, आणि भिंगाखाली आलेल्या पिवळ्या अळीला वेगळे असे डोकेच नव्हते, तोंडाशी फक्त काळे आकडे होते. पहिली फिलॉक्निस्टिस सिट्रेला या इवल्या पतंगाची, ज्याचे वर्णन स्टेन्टन यांनी १८५६ मध्ये कलकत्त्याच्या नमुन्यांवरून केले. दुसरी लिरिओमायझा माशीची. दोन पानांतला हा फरक आता आमच्यातली शाळकरी मुलेही भिंगाशिवाय ओळखतात.

सगळ्यांनी सरसकट नागअळी लिहिले तर नवा आलेला किडा कुणाच्या लक्षात येणार, हा तुमचा प्रश्न आमच्या मनात पक्का बसला आहे. मूळचा दक्षिण अमेरिकेतला टुटा हा पतंग २०१४ मध्ये महाराष्ट्रातल्या टोमॅटोवर आढळला, आणि त्याच्या अळीची खूण नागमोडी नसून पसरट, फोडासारखी असते. म्हणून नाव शेवटी, आधी झाड, तारीख, जागा, पानाची वरची बाजू, खालची बाजू आणि उजेडासमोरचे छायाचित्र, हा तुमचा क्रम आम्ही एकदाही मोडलेला नाही.

काजूची गोष्ट मात्र विस्ताराने सांगायला हवी. पावसाळा सरल्यावर फुटलेल्या कोवळ्या तांबूस पालवीवर राखाडी-पांढरे फोड दिसले आणि मी लगेच ॲक्रोसरकॉप्स सिंग्रामा असे पतंगाचे नाव लिहून मोकळी झाले. नाव बहुधा बरोबरच होते, तरीही तुम्ही ते खोडायला लावलेत, कारण पतंग मी पाहिलेला नव्हता. तुमच्या सांगण्यावरून पाने डबीत ठेवली, तळाशी जरा ओलसर माती घातली आणि बुरशी धरू नये म्हणून रोज झाकण उघडले. पांढुरक्या अळ्या वाढून लालसर झाल्या, पान सोडून मातीत शिरल्या, आणि काही दिवसांनी दोन पतंग बाहेर आले. एका पानाच्या फोडातून मात्र पतंगाऐवजी काळपट परोपजीवी गांधीलमाशी निघाली. प्रयोग फसला असे समजून मी ते पान टाकणार होते. तुम्ही फोनवर म्हणालात, "अगं, ही तर दुप्पट नोंद झाली, एकाच पानावर दोघांची." तेव्हापासून रिकामे बोगदे, बाहेर पडल्याची छिद्रे आणि न जगलेल्या अळ्या, सगळे रद्दीच्या कागदात दाबून वहीत ठेवले जाते.

तुम्ही प्रत्येक पान स्वतः तपासलेत, रात्री उशिरापर्यंत सूक्ष्मदर्शकाशी बसलात, आणि जिथे खात्री नव्हती तिथे "ओळख पटलेली नाही" असे स्वतःच्या हाताने लिहिलेत. इतक्या अनुभवी व्यक्तीने तसे लिहिलेले पाहून आम्हालाही ते लिहिण्याचा संकोच उरला नाही. या वहीतल्या अशा नोंदी मला सर्वांत मोलाच्या वाटतात.

वहीसोबत करंजाच्या पानांची एक डबी पाठवत आहोत. त्यातल्या एका पानावरच्या फोडात अजून हालचाल दिसते. प्रवासात झाकण घट्ट राहिले असेल, तर पोहोचताच ते थोडे सैल करावे ही विनंती.

आपली नम्र,
नोंदवही सांभाळणारी, सर्वांच्या वतीने