ठेव मोडायच्या आधी हे वाचा

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही मला बोलूच दिलं नाहीत. "नातीचा लॅपटॉप आम्ही घेणार, विषय संपला," एवढं म्हणालात आणि फोन आईच्या हातात दिलात. मग आईने हळू आवाजात सांगितलं की दुकानातून आणलेला कागद तुम्ही भिंग लावून दोनदा वाचलात आणि ठेवीची पावती कपाटातून बाहेर काढून ठेवलीत. म्हणून पत्र लिहितेय. पत्रात तुम्हाला मला मध्येच तोडता येत नाही.

लॅपटॉप घ्या, जरूर घ्या. सईलाही तो तुमच्याकडूनच हवा आहे. पण आईने त्या कागदाचा फोटो पाठवला, तो मी नीट पाहिला. त्यावरचं यंत्र गेमिंगचं आहे. चित्रांच्या जड कामासाठी वेगळं ग्राफिक्स कार्ड, दोन किलोच्या वर वजन, विटेएवढा चार्जर, आणि बॅटरी अशी की दुपारच्या तासाला सई प्लगशेजारची जागा शोधत फिरणार. ती शिकणार आहे संख्याशास्त्र. तिला लागणार आर आणि पायथन या आकडेमोडीच्या संगणक-भाषा, आणि एक्सेल. आर आणि पायथन दोन्ही फुकट मिळतात, आणि पदवीच्या अभ्यासात जेवढी आकडेमोड असते तेवढी साध्या लॅपटॉपवर सहज होते. दुकानदाराने फसवलं असं मी म्हणत नाही. त्याने विचारलं असेल "कशासाठी हवाय?" आणि तुम्ही म्हणाला असाल "सगळ्यासाठी". सगळ्यासाठी म्हटलं की सगळ्यात महागडाच पुढ्यात येतो.

दादाच्या अद्वैतचं उलटं झालं होतं. तो वास्तुकलेला गेला, वर्गातल्या दोघा-तिघांकडे मॅकबुक दिसलं, म्हणून यालाही तेच हवं. पैसे भरायच्या आदल्या दिवशी कोणीतरी सांगितलं की रेव्हिट नावाचं जे सॉफ्टवेअर त्यांना दुसऱ्या वर्षापासून लागतं, ते फक्त विंडोजवर चालतं. त्याला ग्राफिक्स कार्ड खरंच लागणार होतं आणि त्याने ते घेतलं, त्यात उधळपट्टी काही नव्हती. मी त्यावरून एवढंच शिकले की दुकानात जायच्या आधी विभागाला विचारायचं. सईच्या विभागाने एका ओळीत कळवलंय: विंडोज किंवा मॅक, १६ जीबी रॅम (चालू कामं मांडायची जागा), ५१२ जीबी एसएसडी (फायली साठवायची जागा). बास.

आता रॅमबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण त्यात माझे स्वतःचे हात पोळलेत. मी नोकरी सांभाळून पुन्हा शिकायला लागले तेव्हा एक चपटा, देखणा लॅपटॉप घेतला होता, आठवतो? स्वस्तात मिळाला म्हणून घरभर मिरवला होता. त्यात ४ जीबी रॅम होती. म्हटलं, पुढे वाढवून घेऊ. वर्षभरात दहा टॅब उघडले की तो धापा टाकायला लागला, म्हणून दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने मागचं झाकण उघडलं, मला जवळ बोलावलं आणि बोटाने दाखवलं: रॅमच्या काळ्या चिप्स मूळ बोर्डावरच डाग देऊन बसवलेल्या. काढायला जागा नाही, घालायला खाच नाही. "ताई, हा जसा आहे तसाच राहणार," म्हणाला. दोन वर्षांत दुसरा घ्यावा लागला. म्हणजे स्वस्तातला लॅपटॉप मला दीडपट किमतीला पडला.

दुसरा घेताना एकच प्रश्न विचारला: रॅमची खाच मोकळी आहे का? होती. ८ जीबीवरच घेतला, आणि वर्षाने हाताशी पैसे आल्यावर आणखी ८ ची पट्टी आणून जेवणाच्या टेबलावर मीच बसवली. छोटा स्क्रू-ड्रायव्हर, मागचे दहा स्क्रू वाटीत काढून ठेवलेले, पट्टी तिरकी सरकवून खाली दाबली आणि दोन्ही बाजूंच्या चिमट्या कट्‌ करून बसल्या. सई तेव्हा शेजारी उभी राहून मोबाइलचा टॉर्च धरत होती. कंपनीकडून जास्तीच्या रॅमचा लॅपटॉप घेण्यापेक्षा ते बरंच स्वस्तात झालं. हल्ली मात्र बऱ्याच बारीक लॅपटॉपमध्ये आणि सगळ्या मॅकबुकमध्ये रॅम बोर्डावरच असते, तिथे पहिल्याच दिवशी पुरेशी घ्यावी लागते. मॅकबुक एअरमध्ये तर अॅपलनेच ऑक्टोबर २०२४ पासून कमीत कमी १६ जीबी द्यायला सुरुवात केली. त्याआधीचं ८ जीबीवालं कोणी 'ऑफर' म्हणून दाखवलं तर ते का स्वस्त आहे ते लक्षात घ्या.

बाबा, तुम्ही म्हणालात की कागदावर "७००० सिरीज" लिहिलंय म्हणजे नवंच असणार. इथेच गंमत आहे. ते नाव प्रोसेसरचं, म्हणजे लॅपटॉपच्या मेंदूचं; तो बनवते एएमडी ही कंपनी. त्या नावात पहिला ७ हा फक्त कंपनीने ते कुठल्या वर्षाचं मॉडेल धरलंय ते सांगतो, म्हणजे २०२३. आतली रचना किती जुनी ते कळतं तिसऱ्या आकड्यावरून. रायझन ५ ७५२०यू, ७५३०यू आणि ७५४०यू ही तीन नावं शेजारी शेजारी लिहून बघा. दिसायला सख्खी भावंडं. पण पहिल्याच्या आत झेन २ ही जुनी रचना आणि चार कोअर (एकाच वेळी काम करणारे भाग), दुसऱ्यात झेन ३ आणि सहा कोअर, तिसऱ्यात झेन ४ आणि सहा कोअर. स्टिकर तिन्हींवर "रायझन ५" असाच. म्हणून नुसतं "आय ५ आहे", "रायझन ५ आहे" एवढ्यावर कोणी समाधान मानायला सांगितलं तर मानू नका. पूर्ण नाव, शेवटच्या अक्षरासकट, कागदावर लिहून घ्या आणि मला पाठवा. इंटेल या दुसऱ्या कंपनीच्या प्रोसेसरच्या नावातलं शेवटचं एच हे अक्षर म्हणजे जास्त ताकद, पण वीजही जास्त खाणार. सईला कमी वीज खाणारा यू चालेल.

आणखी एक, नाहीतर तुम्ही दुकानदाराशी भांडाल: ५१२ जीबीचा लॅपटॉप चालू केल्यावर विंडोज त्यात ४७६ च जीबी दाखवेल. ३६ जीबी कोणी खाल्ले नाहीत. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या, एवढाच फरक.

आता पैसे वाचतात कुठे? माझ्या मते सगळ्यात जास्त वाचतात ते मागच्या वर्षीचं मॉडेल घेतल्यावर. दर जानेवारीत लास व्हेगासला सीईएस नावाचं मोठं प्रदर्शन भरतं, तिथे बहुतेक कंपन्या नवी मॉडेलं दाखवतात. ती दुकानात यायला लागली की जुना माल हलवायची घाई सुरू होते. सईच्या कामाला मागच्या वर्षीच्या आणि या वर्षीच्या प्रोसेसरमधला फरक जाणवणारसुद्धा नाही. तिची घाई आहे हे मला माहितीय, पण पहिले काही आठवडे माझ्या लॅपटॉपवर तिचं भागेल.

दुसरं, विद्यार्थ्यांची सवलत. अॅपल, डेल, एचपी, लेनोवो या सगळ्यांची विद्यार्थ्यांसाठी वेगळी विक्री असते, कॉलेजचा ईमेल किंवा ओळखपत्र दाखवलं की भाव कमी. पण तिथला भाव हा शेवटचा भाव समजू नका. कधी कधी बाहेरच्या सेलमध्ये तेच मॉडेल त्याहून कमी किमतीला असतं. दोन्ही बघायचे. तुमच्या वहीत डावीकडे एक, उजवीकडे एक लिहा; तुम्ही भाजीचेही भाव असेच लिहायचात. मॉडेलचा क्रमांक मात्र अक्षर न् अक्षर तोच आहे ना, ते ताडून. एकाच नावाखाली एकात चांगला आयपीएस पडदा असतो, दुसऱ्यात फिकट टीएन, ज्याच्याकडे जरा तिरकं पाहिलं की सगळे रंग उलटेपालटे.

आईने विचारलं होतं, जुना का नको? आई, तुझं बरोबर आहे आणि मला ते आवडलंही. ऑफिसांनी तीन-चार वर्षं वापरून परत केलेले लॅपटॉप बाजारात येतात, थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक असले. दिसायला ओबडधोबड, पण अंगाने दणकट, कळफलक उत्तम, आणि त्यांच्यातल्या बऱ्याच मॉडेलांत रॅम बदलता येते. खुद्द कंपनीने तपासून, वॉरंटीसकट विकलेला असेल तर मी डोळे मिटून घेईन. अनोळखी माणसाकडून घ्यायचा असेल तर डोळे उघडे. दोन गोष्टी बघायच्या. एक, बॅटरी: विंडोज स्वतःच तिचा अहवाल काढून देतं, त्यात मुळातली क्षमता आणि आत्ताची क्षमता असे दोन आकडे शेजारी असतात. ५०,००० च्या जागी ४२,००० दिसले तर ठीक, २५,००० दिसले तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करायला सांगायचं. दुसरं, वय. विंडोज १० चा नेहमीचा आधार, म्हणजे कंपनीकडून येणारे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. त्याहून जुने लॅपटॉप सध्या कवडीमोलाने मिळतायत ते याचमुळे. विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली घालून ते छान चालतात, पण सईला पहिल्याच वर्षी ती खटपट नको.

सॉफ्टवेअरला एक पैसाही देऊ नका. दुकानदार अँटीव्हायरस गळ्यात मारेल. विंडोजमध्ये डिफेंडर नावाचा त्याचा स्वतःचा अँटीव्हायरस आधीपासूनच असतो, तो पुरे. ऑफिसचं पॅकेजही त्या कागदावर वेगळी किंमत लावून लिहिलंय, ते खोडा. बऱ्याच कॉलेजांच्या ईमेलवर विद्यार्थ्यांना मायक्रोसॉफ्टचं वर्ड-एक्सेल फुकट मिळतं, निदान ब्राउझरमधलं तरी. नाहीच मिळालं तर लिब्रेऑफिस हे तसंच फुकट पॅकेज आहे. बॅग, माउस, कीबोर्डवरचं प्लॅस्टिक हे सगळं "फुकट" म्हणतील. तेव्हा विचारा, "हे नको असेल तर किती कमी?" बहुतेक वेळा काहीतरी कमी होतंच.

हप्त्यांचं तुम्ही काढलं होतंत, "व्याज नाही म्हणे." बाबा, आयुष्यभर हिशेब लिहिणाऱ्या माणसाने हे म्हणावं? रोख दिल्यावर जी सूट मिळते ती हप्त्यात मिळते का ते विचारा, आणि प्रक्रिया शुल्क वेगळं आहे का तेही. दोन्ही मिळवलं की व्याज कुठे बसलंय ते तुम्हीच मला सांगाल.

वाढीव वॉरंटीबाबत माझं मत थोडं वेगळं आहे. नुसती मुदत वाढवणारी मी घेणार नाही. पण पडणं, पाणी सांडणं यासाठीचं संरक्षण घ्यावं, कारण सई आहे. गेल्या महिन्यात तिने माझ्या फोनवर अख्खा ग्लास ओतला, हे तिने तुम्हाला सांगितलेलं नाही.

एवढं सगळं धरून मी तीन लॅपटॉप निवडलेत. वेगळ्या कागदावर, मोठ्या अक्षरात लिहून सोबत जोडलेत, भिंगाची गरज पडणार नाही. तिन्हींची किंमत तुमच्या त्या कागदाच्या निम्म्याच्या आसपास आहे. ठेव मोडायची गरज नाही, आई, ती पावती परत आत ठेव. पुढच्या रविवारी मी आणि सई येतोय, तेव्हा चौघं मिळून बघू. तोवर दुकानात आगाऊ रक्कम देऊ नका. दिली असेल तर रागावणार नाही, फक्त त्याची पावती फेकू नका.

तुमची,
सुमा