गस्तीत विचारायचा प्रश्न

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या जिल्हा पानावर रात्रगस्तीचा एक फोटो आला. पंचवीसेक माणसं, हातात काठ्या, दोघांकडे कुऱ्हाडी, आणि वर मथळा 'गाव जागं झालं'. मी तो फोटो बराच वेळ बघत बसलो. असाच एक फोटो 2024च्या जुलैत आमच्या वसाहतीचाही निघाला होता. त्यात डावीकडून तिसरा मी. सगळ्यांच्या हातात काठ्या आणि माझ्या हातात छत्री, म्हणून घरात अजून हसतात. पण तो फोटो निघाला त्याच रात्री दोन तासांनी जे झालं ते कुणी छापलं नाही, कारण आम्ही कुणाला सांगितलंच नाही. आता सांगतो.

मी एसटीचा निवृत्त वाहक. 34 वर्षं घंटी वाजवली, त्यातली बरीचशी अक्कलकोटच्या बाजूला. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, बायपासला लागून आमची वसाहत आहे. 62 घरं. निम्मे नोकरदार, काही दुकानदार, बाकी माझ्यासारखे पेन्शनीतले. त्या वर्षीच्या लग्नसराईत आमच्याकडे महिनाभरात तीन घरफोड्या झाल्या. तिन्ही घरं बंद, तिन्ही ठिकाणी कडीकोयंडा उचकटलेला. एका गुरुजींचं घर लातूरला लग्नाला गेलं होतं, त्यांचे साडेचार तोळे गेले. शिवाय बोअरच्या मोटारींच्या केबली दोनदा कापून नेल्या. त्यातल्या एकाने तक्रारच दिली नाही, 'वायरीसाठी कुठं ठाण्यात बसायचं?' म्हणाला.

मग बैठक झाली आणि पहिला ठराव अर्थातच कॅमेऱ्यांचा झाला. घरटी 1,200 रुपये वर्गणी काढून सहा कॅमेरे बसवले. जेवणावळही झाली. नंतर कळलं ते असं: रात्री कॅमेऱ्यापाशी किडे येतात, किड्यांसाठी कोळी येतो, आणि कोळी भिंगासमोरच जाळं विणतो. आमच्या कोपऱ्यावरच्या कॅमेऱ्यात महिनाभर फक्त एका कोळ्याचा संसार दिसत होता. दुसऱ्याच्या तोंडासमोर पेरूची फांदी. तिसऱ्या केबलचोरीनंतर पोलीस चित्रण मागायला आले तेव्हा यंत्रातलं घड्याळ चुकीचं निघालं आणि जुनं चित्रण पुसून त्यावर नवं चढलेलं. आलेल्या हवालदारांनी काही न बोलता वही मिटली. कॅमेरे वाईट नाहीत, पण दर पंधरवड्याला झाडूला फडकं बांधून भिंग पुसणारा माणूस वर्गणीत येत नाही.

दुसरा ठराव गस्तीचा. रोज चार घरांतून एकेक माणूस, रात्री 11 ते पहाटे 4. म्हणजे प्रत्येक घराची पाळी पंधरा-सोळा दिवसांनी. पाळीचा तक्ता मीच केला, आयुष्यभर तेच तर केलं. पहिले दोन आठवडे काय उत्साह! चहाचे थर्मास, शिट्ट्या, एकाने तर भाला आणला, त्याच्या आजोबांचा. तिसऱ्या आठवड्यात पाळीला दोघंच. चौथ्यात एक जण म्हणाला, 'माझ्या पाळीचे पैसे घ्या, माणूस लावा.'

गस्त अशी मरायला टेकली होती, तेवढ्यात ड्रोन आले. म्हणजे आमच्या डोक्यावर नव्हे, मोबाइलवर. आपल्याला आठवत असेल, त्या पावसाळ्यात मराठवाड्यात आणि पुणे-नगरकडे रात्री ड्रोन फिरतात, चोर आधी वरून घरं बघून घेतात, अशी बोलवा उठली होती. आमच्या ग्रुपवर रोज नवा व्हिडिओ. कुठला, कधीचा, कुणाला ठाऊक नाही. जो माणूस पाळीला चार वेळा बोलावून येत नव्हता तो आता न बोलावता काठी घेऊन हजर. चारांची गस्त पंचवीसांची झाली. आणि संपादकसाहेब, चार माणसं गस्त घालतात, पण पंचवीस माणसं गस्त घालत नाहीत. ती वाट बघतात, काहीतरी घडायची.

त्या रात्री दीडच्या सुमारास मागच्या रिकाम्या प्लॉटांतून एक पोरगा येताना दिसला. खांद्याला पिशवी, पायात चिखल, वय असेल बावीस-तेवीस. कुणीतरी ओरडलं, 'कोण रे तू?' तो थबकला आणि मग जे सगळे घाबरलेले करतात तेच त्याने केलं, मागे वळला. झालं. अर्ध्या मिनिटात धरला. 'कोण तू? नाव काय? कुठला? आधार दाखव!' पिशवी उलटी केली तर छिन्नी, हातोडा, पकड आणि एक लोखंडी पट्टी. मी बॅटरी त्याच्या तोंडावर धरली होती, आणि खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात तेव्हा 'सापडला!' हेच आलं. कुणीतरी दोन लगावल्या. ज्याने लगावल्या तो रोज सकाळी देवळात हार घालणारा माणूस आहे. 'परप्रांतातून येतात भडवे,' असंही एक वाक्य आलं. भाला माझ्या उजव्या हाताला होता आणि हलत होता.

पोरगा हात जोडून एकच म्हणत होता, 'होडीब्याड्रि अण्णा, होडीब्याड्रि.' मारू नका. हे कानडी मला पंधरा वर्षं अक्कलकोट मार्गावर रोज ऐकायला मिळालेलं. माझ्या तोंडून आपोआप निघालं, 'यल्लि होगबेक्रि?' कुठं जायचंय? हजारो वेळा विचारलेला प्रश्न. तिकीट फाडायच्या आधी वाहक दुसरं काही विचारतच नाही. नाव, गाव, जात, आधार, काही नाही. कुठं जायचंय, एवढंच.

आणि त्याने हात वर करून दाखवलं, आमच्याच वसाहतीतल्या नव्या बंगल्याकडे. तिथं तो फरशी बसवत होता, रात्री तिथंच झोपायचा. मी म्हणालो, तिकीट? त्याने खिशातून काढलं. सोलापूर ते आमचा फाटा, त्याच रात्रीचं, वेळेसकट. ही शेवटची गाडी फाट्यावर किती वाजता येते ते मला झोपेतही सांगता येतं. फाट्यावरून प्लॉटांतून चालत यायला वीस मिनिटं. गणित बरोबर होतं. पोरगा अक्कलकोट तालुक्यातला, म्हणजे परप्रांत राहू द्या, परजिल्ह्यातलासुद्धा नव्हता. आखाडाच्या नैवेद्याला घरी जाऊन आला होता. हत्यारं सोबत का? तर साइटवर ठेवली की चोरीला जातात. पिशवीच्या तळाशी फडक्यात शेंगापोळ्या होत्या, त्या चिखलात पडल्या होत्या.

दोन मिनिटांत पंचवीस माणसं कुठं गेली ते कळलं नाही. शेवटी उरलो चौघं, ज्यांची त्या रात्री खरी पाळी होती.

त्याच्या खिशात तिकीट नसतं तर? गाडी न मिळाल्यामुळे तो टेम्पोत बसून आला असता तर? मला कानडी येत नसतं तर? या प्रश्नांवर मी बरेच दिवस झोपलो नाही. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजाराच्या दिवशी पाच जणांना मुलं पळवणारे समजून ठार मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षा मागत फिरणारे. आणि त्यातले बहुतेक होते आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले. आम्ही तेव्हा पारावर बसून धुळ्याच्या लोकांना नावं ठेवली होती. 16 एप्रिल 2020ला पालघरच्या गडचिंचलेत दोन साधू आणि त्यांचा चालक मारले गेले, तिथंही आधी अफवा होती आणि लोक रात्री पहाऱ्याला बसलेले होते. माणसं मुळात खुनशी असतात असं मला वाटत नाही. पण रात्र, अफवा आणि काठी एकत्र आली की पहाऱ्याचं काय होतं हे मी माझ्याच हातातल्या बॅटरीच्या उजेडात पाहिलंय.

संशय कुणावर जातो हेही बघण्यासारखं असतं. पहिली घरफोडी झाली तेव्हा पुरावा काही नसताना आमच्या बैठकीत पहिलं बोट ओढ्याकाठच्या पारध्यांच्या पालांकडे गेलं. इंग्रजांनी 1871 साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. तो शिक्का 1952 साली कागदावरून पुसला. सोलापुरात ज्या तारेच्या कुंपणात या लोकांना डांबलं जायचं त्या भागाला अजून सेटलमेंट म्हणतात, आणि आम्ही अजून बोटं दाखवतो. त्या तिन्ही घरफोड्यांशी पालांचा काही संबंध निघाला नाही. माफी मागायला मात्र आमच्यापैकी कुणी ओढ्यापर्यंत गेलं नाही. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं आपणहून ठाण्यात गेलो. बीटच्या हवालदारांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, 'आजोबा, डोळ्यांदेखत मोठा गुन्हा करताना कुणी सापडला तर नागरिकालाही त्याला धरता येतं, पण सहा तासांच्या आत आमच्या ताब्यात द्यायला लागतं. रस्त्यानं चालणं हा गुन्हा नाही. हात लावलात तर मला कागद तुमच्यावर करावा लागेल.' बोलणं कडक होतं, पण बरोबर होतं. त्यांनीच गस्तीवाल्यांची यादी नोंदवून घेतली.

तेव्हापासून आमची गस्त चारांचीच. पाचवा आला तर परत पाठवतो. काठी नाही, बॅटरी आणि शिट्टी. बॅटरी तोंडावर नाही, पायांवर मारायची. भाला माळ्यावर गेला. अनोळखी माणूस दिसला तर 'कोण रे' नाही, 'कुठं जायचंय? सोडतो की तिथपर्यंत.' घरी जाणारा माणूस सोबत येतो, आभारही मानतो. ज्याला जायचंच कुठं नाही तो सोबत टाळतो, मग आम्ही लांब उभं राहून 112 लावतो. दोन वेळा लावला. एकदा दारुडा निघाला. एकदा दुचाकी ढकलत नेणारे दोघं गाडी टाकून पळाले, गाडी खरंच चोरीची होती.

पण सगळ्यात मोठा फरक रात्रीच्या गस्तीने पडलेलाच नाही, तो दिवसा पडला, आणि त्याचं श्रेय बायकांचं. आमच्या कोपऱ्यावरच्या एक आजी दिवसभर ओट्यावर निवडत-टिपत बसतात. त्या एकदा मला म्हणाल्या, 'चोर रात्री येतो, पण बघून जातो दुपारी. दारात दुधाची पिशवी, फाटकात पेपर आणि भरदिवसा जळणारा अंगणातला दिवा दिसला की त्याचं काम झालं.' आम्ही पुरुष सहा कॅमेरे बसवून जे पाहिलं नाही ते त्यांनी शेंगा सोलता सोलता पाहिलं होतं. मग बायकांनी त्यांचा त्यांचा नियम केला. गावाला जाणारं घर शेजारी सांगून जाणार. शेजारीण सकाळी त्या दारात सडा टाकून रांगोळी काढणार, पेपर आणि दूध उचलणार, दिवा लावणार-विझवणार, दोरीवर दोन कपडे वाळत टाकणार आणि संध्याकाळी काढणार. गुरुजींच्या बंद घरासमोर गेल्या मे महिन्यात पंधरा दिवस रोज वेगळी रांगोळी होती. परत आल्यावर गुरुजीबाई म्हणाल्या, 'मी असताना एवढी चांगली निघत नाही.' त्यानंतर आमच्याकडे एकही बंद घर फुटलेलं नाही. याला केवळ रांगोळीच कारण असं मी म्हणणार नाही, पण कॅमेऱ्यापेक्षा रांगोळी स्वस्त पडली एवढं नक्की.

भाडेकरूंची माहिती ठाण्यात द्यायची तेही आता बहुतेक जण देतात. बांधकामावरचा मुक्कामी कामगार असेल तर घरमालकाने त्याला पहिल्याच संध्याकाळी पाळीवाल्यांना भेटवून जायचं, म्हणजे रात्री कुणी त्याला 'कोण रे' म्हणणार नाही. हा नियम त्या पोराच्या गालावरून आलाय. तो पोरगा उरलेली फरशी चार दिवसांत संपवून गेला. माझ्या बायकोने त्याला दोन वेळा डबा दिला, त्याने घेतला. ठेकेदाराने नंतर सांगितलं की या वसाहतीचं काम तो आता घेत नाही.

तेव्हा संपादकसाहेब, विनंती एवढीच. गस्तीची बातमी जरूर छापा, पण फोटोत काठ्या-कुऱ्हाडी नकोत. त्या बघून शेजारच्या गावाला वाटतं गस्त म्हणजे हेच. चोरीच्या बातमीत 'संशयित' म्हणून कुणा जमातीचं नाव छापण्याआधी ठाण्यात एक फोन करा. आणि अफवा खोटी ठरली की तीही बातमी तेवढ्याच मोठ्या टाइपात येऊ द्या. त्या पावसाळ्यात ड्रोन आल्याची बातमी आमच्या घरी चार जणांनी वाचून दाखवली, ड्रोन नसल्याची कुणीच नाही.

एक राहिलं. वसाहतीत 11 खांब आहेत, त्यातले पाच बंद होते. तक्रार केली की वायरमन विचारायचा, 'कुठला खांब?' आणि आम्ही सांगायचो, 'ते लिंबाच्या झाडापाशी.' लिंबाची झाडं तीन. शेवटी आम्ही पिवळ्या ऑइलपेंटने प्रत्येक खांबावर नंबर घातले आणि नंबर टाकून लेखी अर्ज दिले. चार खांब लागले. सात नंबरचा, म्हणजे त्या पोराला जिथं धरलं तिथला, अजून बंद आहे. अर्जाची पोच माझ्याकडे आहे.

आपला,
एक निवृत्त एसटी वाहक, सोलापूर जिल्हा
(नाव-पत्ता आपल्याकडे दिला आहे. वसाहतीतल्या लोकांना तोंड दाखवायचंय, म्हणून छापू नये.)