बुधवारी घाट नाही, मैदान!

सर्वांना नमस्कार. येत्या बुधवारी साताऱ्याच्या यवतेश्वर घाटातल्या आपल्या पळण्याला सुट्टी. पहाटे पावणेसहाला शाहू स्टेडियमच्या गेटवर जमायचं.

घाटानं आपला दम वाढला, पण वेग तिथेच अडलाय. मैल म्हणजे 1609 मीटर, 400 मीटरच्या ट्रॅकचे चार फेरे आणि वर नऊ मीटर. आठ मिनिटांत मैल हवा असेल तर प्रत्येक फेरा 1 मिनिट 59 सेकंदांत पडला पाहिजे. म्हणून त्याच वेगानं 400 मीटर सहा वेळा, मध्ये दोन मिनिटं चालणं. त्याआधी वीस मिनिटं हळू पळून अंग गरम करणं सक्तीचं. उशिरा येऊन थेट फेऱ्यात घुसणाऱ्यांना मी बाहेर बसवणार, मग राग धरू नका.

पहिलाच फेरा 1:40 मध्ये मारून चौथ्याला कंबर धरणारे आपल्यात बरेच आहेत (मीही त्यातलाच). सहावा फेरा पहिल्याइतकाच यावा, एवढंच बघा.

बीपी, शुगर किंवा छातीचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारा. गुरुवारी विश्रांती, फार तर चालणं. अजिंक्यतारा किल्ल्यावर पळत जायचं नाही! घड्याळ आणि पाण्याची बाटली आपापली आणा.