मोहरीचा झेंडू, मिऱ्याचा नारळ

कोल्हापूर,
१४ सप्टेंबर

प्रिय सुन्या,

स. न. वि. वि. फोनवर सांगून भागलं असतं तर फोनच केला असता. पण तू फोनवर नुसतं "हां, हां" करतोस आणि मागं टीव्ही चालू असतो. हे पत्र मात्र सावकाश बसून वाच. शेवटी तुला एक प्रश्न विचारलाय आणि त्याचं उत्तर मिळेपर्यंत माझं काम अडून राहिलंय.

मी तुझ्या अण्णांचं गॅरेज बांधतोय. उद्यमनगरातलं, तेच. दचकू नकोस, जागाबिगा घेतलेली नाही. तिथं आता मोबाइलचं दुकान झालंय. माझं गॅरेज फूटभर लांब आणि दहा इंच रुंद आहे, टीव्हीशेजारच्या कपाटावर मावतं. याला डायोरामा म्हणायचं. शब्द पॅरिसचा. १८२२ साली तिथं दागेर नावाच्या माणसानं भल्यामोठ्या पडद्यांवर चित्रं रंगवून त्यांवर उजेड-अंधाराचा खेळ करायचं नाट्यगृह काढलं, त्याचं हे नाव. हिला एवढं सगळं समजावून सांगितलं, तर म्हणाली, "म्हणजे किल्लाच की. पन्नाशीत किल्ला करताय, एवढंच."

खरं आहे तिचं. फक्त आपल्या किल्ल्यावर मापाचं कुणाला पडलेलं नव्हतं. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतून आणलेले महाराज वीतभर, पन्हाळ्याचा दरवाजा चार बोटं, आणि तुझ्या हट्टापायी पायथ्याला उभा केलेला वाघ तर हत्तीहून मोठा. इथं तसं खपत नाही. सगळं एकाच मापानं लहान व्हावं लागतं, नाहीतर डोळा लगेच चोरी पकडतो.

माप ठरलं ते गाडीवरून. जत्रेतल्या एका दुकानात मागं ओढून सोडायची पांढरी प्लॅस्टिकची अँबेसेडर मिळाली. खिशात टेप होतीच. लांबी भरली १२.३ सेंटीमीटर. खरी गाडी सव्वाचार मीटरहून थोडी जास्त. भागाकार केला, पस्तीस! मी तिथंच हसलो, कारण १:३५ हे माप मॉडेलवाल्यांच्या जगात रणगाड्यांचं आणि सैनिकांचं. त्याचीही गंमत ऐक. साठच्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या तामिया कंपनीनं मोटारवर चालणारा पँथर रणगाडा काढला. आत सेल आणि मोटर मावायला हवी म्हणून त्यांनी तो तेवढा केला, आणि मग मोजलं तर तो सुमारे पस्तीसपट लहान निघाला. पुढं सगळ्या जगानं तेच माप उचललं. आधी सेलची जागा, मग हिशेब. अण्णांना हे फार आवडलं असतं.

पण त्यामुळं झालं असं, की या मापाची माणसं मिळतात ती जवळजवळ सगळी फौजेतली. पळणारे, रांगणारे, दुर्बीण लावलेले. तंबाखू मळणारा मिस्त्री कुठल्याच डब्यात नाही. शेवटी रणगाड्याच्या इंजिनावर वाकलेला एक जर्मन निवडला आणि त्याचे अण्णा करायला घेतले. रागावू नकोस. पट्टा, खिसे, कॉलरवरचे बिल्ले ब्लेडनं तासले. बुटांच्या चपला करताना एका पायाचा अंगठाच गेला. एम-सील मळून पायजम्याची ढगळ घडी बसवली. उभे केले असते तर अण्णा ४८ मिलिमीटर भरले असते, म्हणजे पाच फूट सहा इंच. डोकं सहा मिलिमीटर. त्या सहा मिलिमीटरमध्ये भुवया, मिशी आणि कपाळावरची ती आडवी आठी.

चेहऱ्याच्या रंगानं मला महिनाभर घोळवलं. बाटलीवर "फ्लेश" लिहिलेलं असतं आणि आत रंग निघतो गुलाबी. म्हणजे आपल्या त्या किल्ल्यावरच्या मावळ्यांच्या गालासारखा! पहिले अण्णा महाबळेश्वरला उन्हाळा काढून आलेल्या साहेबासारखे दिसायला लागले. पुसले. मग तांबूस तपकिरी घेऊन त्यात गेरूचा पिवळा आणि किंचित हिरवट मिसळला. उजेडाच्या जागी, म्हणजे नाक, गालाचं हाड आणि बोटांची पेरं, तिथं पांढरा मिसळला की माणूस राख फासल्यासारखा दिसतो. तिथंही पिवळाच वाढवायचा. शेवटी तैलरंगातला बर्न्ट अंबर, म्हणजे गडद तपकिरी, टर्पेंटाइनमध्ये चहासारखा पातळ करून ब्रशच्या टोकानं सोडला. तो आपोआप सुरकुत्यांत जाऊन बसतो. आठी मी काढलेलीच नाही, ती अशी उमटली.

आणि मग मी अतिशहाणपणा केला. जुलैत, धो धो पाऊस चालू असताना, मॅट, म्हणजे बिनचमकीच्या व्हार्निशचा स्प्रे मारला. दहा मिनिटांत अण्णा पांढरे फटक, पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे. हवेतला दमटपणा व्हार्निशमध्ये अडकतो. मी कपाळावर हात मारून बसलो. दोन दिवसांनी घाबरत घाबरत वरून ग्लॉसचा, म्हणजे चमकदार व्हार्निशचा, पातळ हात दिला, आणि काचेवरची वाफ पुसावी तसा चेहरा खालून परत आला. आता दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेशिवाय मॅटला हात लावणार नाही.

गाडीचं ऐक. बॉनेट उघडणं भाग होतं, का ते पुढं कळेलच. खेळण्याचं बॉनेट अखंड असतं. ब्लेडच्या पाठीनं एकाच रेषेवरून तीसचाळीस वेळा हलकं ओरखडत गेलो, घाई केली की पातं घसरतंच. डावा कोपरा तुटलाच. तो लांबी, म्हणजे पुट्टी, भरून घासला, अगदी डेंटिंगवाल्यासारखा. आतलं १४८९ सीसीचं इंजिन म्हणजे कान कोरायच्या काडीचे तुकडे, रिकामी रिफिल आणि पंख्याच्या वाइंडिंगची तार. एअर क्लीनर हिच्या ब्लाउजच्या टिचबटणाचा. हिला अजून माहीत नाही.

भिंती सनबोर्डच्या, म्हणजे हलक्या फोमच्या पाटीच्या, वर पुट्टी. शटरचा गंज मिठानं केला. आधी पत्रा गंजाच्या रंगात रंगवायचा, ओल्या जागी मिठाचे खडे चिकटवायचे, वरून निळा मारायचा आणि सुकल्यावर मीठ खरवडून काढायचं. खालून गंज डोकावतो. निळाच होता ना रे? मला निळाच आठवतो.

आता खरी गोष्ट. मला नुसतं गॅरेज नको होतं, १९९१ची खंडेनवमी हवी होती. भिंतीवर सेंटीमीटरभराचं कालनिर्णय लावलंय, ऑक्टोबरचं पान. पाटावर नटबोल्टचे पाने ओळीनं मांडलेत, लहानापासून मोठ्यापर्यंत. तांब्याच्या तारेची टोकं हातोडीनं चेपली, खाच पाडली, झाला पाना. चौदा-पंधराचा पाच मिलिमीटर. आणि सामानासाठी शेवटी स्वयंपाकघरात गेलो. पाच सेंटीमीटरचं झेंडूचं फूल पस्तीसपट लहान केलं तर साधारण दीड मिलिमीटर होतं. म्हणजे मोहरी! एकेक मोहरी सुईनं उचलून दोऱ्यावर डिंकानं बसवली, पिवळी आणि केशरी आलटून पालटून. शटरवरच्या एका माळेला दोन रविवार गेले. लिंबालाही मोहरीच. शेंडीसकट नारळ चार मिलिमीटरचा, त्याला मिरे. रंगसुद्धा द्यावा लागत नाही, सुरकुत्या त्याच्या त्यालाच आहेत. आपण किल्ल्यावर हीच मोहरी पेरायचो, गवत उगवावं म्हणून. पान्यांवर कुंकू खरंच लावलंय, चिमटीच्या टोकानं. हळद मात्र रंगाची, कारण खरी हळद उजेडात उडून जाते.

आणि त्या दिवशी दुपारी कारखान्याच्या चेअरमनची पांढरी अँबेसेडर दारात येऊन बंद पडली, ते तुला आठवत असणारच. ऑक्टोबरचं ऊन, गाडी तापलेली, ड्रायव्हर घामाघूम. पूजा झालेली, हत्यारं पाटावर. अण्णांच्या अंगावर परीटघडीचा पांढरा शर्ट. ते म्हणाले, "आज हत्याराला हात लावायचा न्हाई." ड्रायव्हर रडकुंडीला आला. अण्णांनी बॉनेट उघडलं, नुसता तळहात जवळ धरला आणि म्हणाले, "पंप तापलाय. आत पेट्रोलची वाफ धरलीया. फडकं भिजवून आणा रं." ओलं फडकं पंपावर टाकलं, वरून आणखी पाणी ओतलं, पंधरा मिनिटं सगळे गप्प बसलो. मग किल्ली फिरवली आणि गाडी चालू! एक पानाही हलला नाही. पाच रुपये घ्यायलासुद्धा तयार नव्हते.

म्हणून माझ्या अण्णांच्या हातात पाना नाही, फडकं आहे. जर्मनाची मूठ कापून बोटं उघडायला लागली. फडकं टिश्यू पेपरचं, फेव्हिकॉलच्या पाण्यात बुडवून बोटांवरून सोडलेलं. सुकल्यावर तशीच घडी राहिली. ओलं दिसावं म्हणून तेवढ्यावरच ग्लॉस. शर्ट पांढरा करणं सगळ्यात अवघड गेलं. निव्वळ पांढरा मारला की खडूचा तुकडा दिसतो. आधी मळकट पिवळसर, घड्यांत निळसर करडा, आणि शुद्ध पांढरा फक्त खांद्यावर, जिथं ऊन पडतं तिथं. गॅरेजमधला माणूस म्हणून ऑइलचे डाग कसे द्यायचे ते मी भरपूर शिकून ठेवलं होतं, आणि अण्णांना त्यातला एकही देता आला नाही. उजव्या बाहीवर एक काळी रेघ तेवढी दिली. काकूंनी त्यावरून संध्याकाळी काय ऐकवलं, ते तुलाच ठाऊक.

आता प्रश्न. ड्रायव्हर झाला, पाटाशेजारी दोन पोरं झाली. एक निळ्या चड्डीतला, तो मी. एक विजारीचे पाय दुमडलेला, तो तू. ही पोरं मात्र तारेच्या सांगाड्यावर एम-सील चढवून मुळापासून केली. तुझे कान मोठे झालेत, आहेतच. पाणी आणताना कुणीतरी पूजेचाच तांब्या उचलला होता, आंब्याची पानं बाजूला सारून, नारळ खाली ठेवून. आणि त्याबद्दल कुणीतरी अण्णांची थप्पड खाल्ली. मला पक्कं आठवतं, तांब्या मी उचलला आणि थप्पड तू खाल्लीस. पण परवा आई म्हणाली, मी त्या दिवशी घरी रडत आलो होतो.

तांब्या तयार आहे. हिच्या तुटलेल्या माळेतला चार मिलिमीटरचा पितळी मणी, वर काठ काढून. तो मिसळणाच्या डब्यात मोहरीच्या वाटीत ठेवलाय, हरवू नये म्हणून. दोन्ही पोरांचे हात पुढं केलेले आहेत. कुणाच्या हातात देऊ ते कळव. आणि शटरचा रंगही.

तुझा,
मध्या