अडलेला ‘नि’

प्रिय सदा,

तुझी वही मिळाली. रामदासांच्या ‘मनाचे श्लोक’मधल्या 205 श्लोकांतला दुसरा गण पाडायला निवडलास, ते झकास. चारच ओळी, पण अडखळायच्या जागा भरपूर.

मना सज्जना भक्तिपंथेचि जावे
तरी श्रीहरी पाविजेतो स्वभावे
जनी निंद्य ते सर्व सोडूनि द्यावे
जनी वंद्य ते सर्व भावे करावे

वृत्त भुजंगप्रयात, ओळीला 12 अक्षरं, चार य गण (गण म्हणजे तीन अक्षरांचा गट; य गण म्हणजे लघू-गुरू-गुरू: यमाचा, यमाचा…), 20 मात्रा (आखूड उच्चाराच्या लघू अक्षराची एक, लांब उच्चाराच्या गुरूच्या दोन). इथवर तुझं बरोबर. पण ‘सज्जना’तला ‘ज्ज’ गुरू धरलास आणि पहिलाच गण फिसकटला. जोडाक्षराचा भार मागच्या अक्षरावर पडतो. ‘स’ गुरू, ‘ज्ज’ लघूच. म्हणून फोड अशी: मनास | ज्जनाभ | क्तिपंथे | चिजावे. ‘निंद्य’मधल्या ‘द्य’लाही हेच लागू.

तिसऱ्या ओळीत मात्र तुझं चुकलं म्हणवत नाही. पुढे ‘द्या’ आहे म्हणून ‘नि’ गुरू केलास. नियम तेच सांगतो, वृत्ताला मात्र तिथे लघू हवा. मोठ्याने म्हणून बघ. ‘द्यावे’ नव्याने सुरू होतं, ‘नि’वर आघात येतच नाही. ‘तुझ्या’तला ‘तु’ असाच लघू राहतो. लगक्रम, म्हणजे लघू-गुरूंचा क्रम, कानाने ठरतो, लिपीने नाही. आणि उतरवताना ‘सोडून’ लिहिलंस तर शब्दाचं रूप बदलेल, पण अक्षरं 12च राहतील नि गणही टिकेल. ‘सोडुनी’ केलंस तर अक्षरं 12 भरतील, पण ‘डु’ लघू नि ‘नी’ गुरू होऊन दोन गण मोडतील.

यमक चारही ओळींना एकच, ‘-आवे’. जावे, द्यावे, करावे ही क्रियापदं. अशी यमकं स्वस्तात मिळतात. मधला ‘स्वभावे’ नाम आहे, म्हणून कानाला जरा बदल मिळतो. शेवटचे गण बघ: पहिल्या नि तिसऱ्या ओळीत ते ‘चि’, ‘नि’ अशी मागच्या शब्दाची शेपटी घेऊन येतात, दुसऱ्या नि चौथ्या ओळीत ‘स्वभावे’, ‘करावे’ हा अख्खा शब्दच गण होतो. म्हणून तिथे ओळ टेकल्यासारखी वाटते. शिवाय शेवटच्या दोन ओळींची पहिली सात अक्षरं ताडून बघ: फरक फक्त ‘निं’ आणि ‘वं’चा. निंद्य-वंद्याचा सगळा विरोध तेवढ्या एका अक्षरावर तोलला आहे!

आता तिसरा श्लोक सोडव. ‘प्रभाते’तला ‘प्र’ गुरू धरू नकोस.

तुझा,
विनू