बॉनव्हिलहून पत्र

वेंडोव्हर, युटा
ऑगस्ट

प्रिय सुनील,

सप्रेम नमस्कार.

काल बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर दिवसभर होतो आणि पावलोपावली तू आठवत होतास. उद्यमनगरात तुझ्या शेडमध्ये रात्र रात्र इंजिन उघडून बसणारी माणसं असतात ना, तसल्या माणसांची इथे ऑगस्टमध्ये जत्राच भरते. 'स्पीड वीक' म्हणतात, गाड्या पळवून वेगाचे विक्रम मोडायचा आठवडा, १९४९ पासून चालू आहे.

हिमयुगात इथे अफाट तळं होतं. ते आटलं, मीठ उरलं. अजूनही हिवाळ्यात मैदानावर पाणी साचतं, उन्हाळ्यात ते आटतं आणि मीठ पुन्हा सपाट बसतं. मी खाली बसून हात लावून पाहिलं. वरून खडखडीत, पण नखाने जरा खरवडलं की ओल लागते. याच ओलीमुळे टायर गार राहतात. ऊन मात्र खालूनही मारतं. एका म्हाताऱ्या स्वयंसेवकाने मला हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडांनाही क्रीम लावायला लावलं.

माल्कम कॅम्पबेलने १९३५ मध्ये इथेच ताशी ३०० मैलांची हद्द ओलांडली. १९७० मध्ये गॅरी गॅबेलिचची रॉकेटवर चालणारी 'ब्लू फ्लेम' ताशी १००० किलोमीटरच्या पुढे गेली. ही नावं तुला पाठच आहेत. मला जास्त भावली ती गाड्या लावतात तिथली गर्दी. कुणीही आत फिरावं, बॉनेटमध्ये डोकावावं, विचारावं. सांगणारा हातातलं काम सोडून सांगतो. घरच्या गॅरेजमध्ये वर्षभर खपून बांधलेली गाडी, आणि धाव काही मिनिटांची. पैशाचं बक्षीस नाही. जुना विक्रम मोडला तर गाडी रात्रभर वेगळ्या आवारात ठेवतात, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पळवायची आणि दोन्ही धावांची सरासरी धरायची. एकदा नशिबाने जमलं, असं इथे चालत नाही.

एक लांबोडकी गाडी सुटताना अगदी जवळून पाहिली. तिचे गिअर इतक्या वेगासाठी बांधलेले की जागेवरून तिला स्वतःला उठता येत नाही. मागून ट्रकने रेटत नेलं, ट्रक बाजूला झाला, इंजिनचा सूर चढला आणि बघता बघता गाडी दिसेनाशी झाली. आवाज तेवढा येत राहिला. माझ्या अंगावर काटा आला रे.

बर्ट मन्रोबद्दल तर तुझ्याशी तासभर बोलायचंय. न्यूझीलंडच्या इन्व्हरकार्गिलचा हा गडी. त्याची १९२० ची इंडियन स्काउट मोटरसायकल, मुळात ताशी ५५ मैलांची. पिस्टन हा स्वतः घरी ओतायचा, कनेक्टिंग रॉड ट्रॅक्टरच्या जुन्या अॅक्सलमधून हाताने घासून काढायचा. फुटलेले भाग फेकले नाहीत, फळीवर मांडून ठेवले आणि वर लिहिलं, वेगाच्या देवाला अर्पण. १९६७ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी, त्याने ती गाडी इथे ताशी १८४ मैलांवर नेली. हजार सीसीखालच्या गटातला विक्रम! ओतकामात तुझा जन्म गेला. त्या पिस्टनमागे किती रात्री गेल्या असतील ते तुला जास्त कळेल.

एका गोष्टीने मात्र जीव कळवळतो. मिठाचा थर पातळ होत चाललाय. शेजारच्या पट्ट्यातून पोटॅशसाठी कित्येक दशकं खारं पाणी ओढलं गेलंय. १९९७ पासून खारं पाणी मैदानात परत सोडायचे प्रयत्न झाले, पण पूर्वीइतकी लांब धावपट्टी आता मिळत नाही. २०१४ आणि २०१५ मध्ये तर स्पीड वीक रद्दच करावा लागला. जुनी माणसं खाली वाकून मिठाची जाडी बोटांनी दाखवतात आणि गप्प होतात. माझं स्पष्ट मत आहे, पोटॅश दुसरीकडेही मिळेल, असं मैदान मिळणार नाही.

म्हणून म्हणतो, 'बघू पुढे' करू नकोस. पासपोर्टचं काम गणपतीआधी उरकून घे. राहायची सोय माझ्याकडे, सॉल्ट लेक सिटीहून इथे यायला दोन तास पुरतात. पुढच्या ऑगस्टला दोघं मिळून येऊ. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
अवि